गालिच्यावरची धूळ कोणी काढली

पत्नीच्या पंचाहत्तरीनिमित्त तिच्या आजी-माजी विद्यार्थिनींनी एक घरगुती समारंभ केला. त्यात दोन भाषणे झाली. दोन्हींचा विषय ती असायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्हींत मीच होतो, आणि बोलण्याची संधी मात्र मला देण्यात आली नाही. मी पहिल्या रांगेत बसून हात वर केला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून अत्यंत गोड हसून नमस्कार केला आणि पुढचे गाणे जाहीर केले. मागाहून कळले की आमच्या चिरंजीवांनी त्यांना आधीच बजावले होते, "बाबांच्या हातात माईक गेला, तर जेवणं गार होतील."

जेवणे गारच होती. तो भाग वेगळा.

पहिले भाषण माझ्या मेहुण्यांचे, म्हणजे हिच्या थोरल्या बंधूंचे. त्यांनी सांगितले की त्यांच्या बहिणीचा संगीताचा क्लास धुळीमुळे बंद पडत होता, तो त्यांनी विलायतेहून आणलेल्या झाडूयंत्राने वाचवला; त्या यंत्रातल्या सुधारणाही त्यांच्याच डोक्यातून निघाल्या, आणि "आमच्या भाऊजींनी स्क्रू पिळण्याचं काम मात्र अगदी मन लावून केलं." लोक हसले. दुसरे भाषण चिरंजीवांचे. तो म्हणाला, "मी पहिल्या पगारातून आईसाठी व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. बाबांनी तो माळ्यावर टाकला, कारण तो त्यांनी स्वतः बनवलेला नव्हता. त्यांचं यंत्र पूर्ण होईपर्यंत आई खोकत राहिली." लोक पुन्हा हसले. मग त्याने आवाज हळवा केला आणि मुद्द्याला हात घातला: आता आईने खूप केले, आता तिने क्लास थांबवावा आणि खराडीला त्याच्या बाराव्या मजल्यावर राहायला यावे, तिथे धूळ पोहोचत नाही आणि घरात गालिचाही नाही.

टाळ्या झाल्या. ज्या मुलींचा क्लास बंद होणार होता, त्याही टाळ्या वाजवत होत्या. हार, शाल आणि गुलाबजाम समोर असले की माणूस कशालाही टाळ्या वाजवतो, हे मी सेवानिवृत्तीच्या पुष्कळ समारंभांत पाहिले आहे.

माझ्याबद्दल कोणी काय म्हणावे याची मी आयुष्यात पर्वा केलेली नाही. परंतु चुकीच्या इतिहासावरून काढलेला निष्कर्ष चुकीचाच असतो, आणि येथे त्या निष्कर्षावर एका बाईचे आयुष्यभराचे काम बंद पडू पाहत होते. माझे यंत्र हा म्हाताऱ्याचा हट्ट होता असे एकदा ठरले, की ते घर राहण्यास अयोग्य ठरते. घर अयोग्य ठरले की क्लास संपतो. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवणे मला भाग आहे.

मी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्याने 'ठीक आहे' म्हटलेली वस्तू पुन्हा हातात घेऊन ती ठीक नाही हे दाखवणे, हे माझे काम. त्यामुळे मी भांडखोर झालो असे मेहुणे म्हणतात. मी भांडखोर होतो म्हणून मला ते काम मिळाले, हे खरे. त्या कारखान्यात धुळीकडे पाहण्याची एक रीत होती. जिथे दारू भरली जाते, तिथे कोणी कोरडा झाडू मारत नसे. धूळ उडाली की ती कुठे जाऊन बसेल आणि कधी पेट घेईल, याचा भरवसा नाही. मऊ ब्रशने, सावकाश, ओढल्यासारखी ती गोळा करायची आणि थेट पाण्यात सोडायची. उडणारी धूळ ही गोळा झालेली धूळ नव्हे, हे तिथे नव्या माणसालाही पहिल्या दिवशी सांगत. आमच्या पेठांतल्या नातेवाइकांच्या घरी मात्र सकाळी खराट्यासारखी केरसुणी चालते, सगळी धूळ गुडघ्यापासून कपाळापर्यंत चढते, दुपारपर्यंत पुन्हा खाली बसते, आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ पुन्हा झाडून 'किती केर निघतो हो' असे म्हणतात.

निवृत्तीनंतर आम्ही क्वार्टर सोडून विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. हिचा क्लास क्वार्टरमध्येच सुरू झाला होता. तो बाहेरच्या खोलीत आला. संध्याकाळी मुली येत, पेटीभोवती बसत. त्यांना बसायला हिने एका प्रदर्शनातून मोठा लोकरी गालिचा आणला होता, गडद लाल, काठाला पिवळी वेल. पहिली काही वर्षे सगळे सुरळीत होते. मग आमच्या भोवतीची शेते एकेक करून संपली. आळंदी रस्ता खणला, बुजवला, पुन्हा खणला. संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुलांसाठी चहूबाजूंनी इमारती उठू लागल्या. खिडकी उघडी ठेवली तर सिमेंट, बंद ठेवली तर मुरूम. ती धूळ पिठाइतकी बारीक होती आणि ती गालिच्यात मुरायची. मुली बसल्या, उठल्या, ओढण्या सावरल्या, की ती वर यायची, आणि नेमकी जी बाई तोंड उघडून षड्ज लावून बसली आहे तिच्या घशात जायची.

हिला खोकला लागला, मग दम लागू लागला. आमच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकले आणि म्हणाले, "वहिनी, एक तर तो गालिचा काढा, नाहीतर क्लास बंद करा. दोन्ही ठेवून मी तुम्हाला बरं करू शकणार नाही."

गालिचा काढून पाहिला. हे दोन्ही भाषणांत आले नाही. काढला, गुंडाळला, गच्चीत ठेवला आणि उघड्या फरशीवर क्लास भरवला. ही आठवडाभरातच वैतागली. सिमेंटच्या त्या खोलीत आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत होता. कोणती मुलगी बेसूर गेली तेच हिला ओळखू येईना.

"ही खोली माझ्या आधी बोलते," ती म्हणाली. "मी शिकवू कुणाला, मुलींना की भिंतींना?"

त्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. चपला दाराबाहेर काढून, उंबऱ्याच्या आत न येता, ते म्हणाले, "आपलं गाणं उत्तमच आहे. पण आता आमच्या छतातूनही ऐकू येतं. आम्हाला ऐकायचं असेल तेव्हा आम्ही वर येऊच की."

गालिचा परत खाली आला. म्हणजे प्रश्न असा होता: गालिच्याशिवाय क्लास नाही, आणि गालिच्यासह श्वास नाही. हा प्रश्न नीट मांडणारा माणूस त्या घरात मी एकटा होतो.

त्याच सुमारास चिरंजीव संगणकाच्या कंपनीत लागला आणि घरोघर हिंडून वस्तू विकणारा एक टाय लावलेला तरुण त्याच्या हाती लागला. की तो त्या तरुणाच्या हाती लागला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसांत पुण्यात असे टायवाले फार झाले होते. तो आला, त्याने परवानगी न विचारता खिशातून पुडी काढून आमच्या गालिच्यावर माती टाकली आणि मग ती यंत्राने ओढून घेतली. पांढरे फडके दाखवले. मुलगा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू ते यंत्र त्यानेच घडवले आहे.

मी म्हणालो, "पडदे लावा. दिवा घालवा."

"का अंकल?"

"लावा तर."

अंधार झाल्यावर मी बॅटरी पेटवली आणि झोत त्या यंत्राच्या मागच्या जाळीसमोर आडवा धरला. यंत्र सुरू करायला लावले. जाळीतून बारीक धुळीची एक नागमोडी वाट झोतात वर चढताना सर्वांनी पाहिली. मोठी माती आत राहत होती. जी घशात जाते ती बारीक धूळ मागून परत खोलीत येत होती.

"हे पुढून गिळतंय आणि मागून ओकतंय," मी म्हणालो.

"अंकल, ही फॉरेनची टेक्नॉलॉजी आहे."

"असेल. तिकडे त्यांच्याकडे अंधार पडत नसेल."

आताची यंत्रे सुधारली आहेत असे म्हणतात, असतील. मी त्या दिवसाच्या त्या यंत्राबद्दल बोलतो आहे. मुलाने ते घेतलेच. पैसे त्याचे, हौस त्याची, आई त्याची. मी अडवले नाही. येथून पुढे त्याची आणि माझी हकीकत वेगळी होते, म्हणून सावकाश सांगतो.

ते यंत्र माळ्यावर मी ठेवले, हे खरे. शिडी मीच लावली, कारण माळ्यावर चढणारा दुसरा कोणी घरात नव्हता. परंतु ते ठेवायला मला हिने सांगितले. धुळीमुळेही नव्हे. आठ-दहा दिवस ते वापरल्यावर एके सकाळी ती कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"अहो, ते वर ठेवून द्या."

"का? मुलगा विचारेल."

"माझी पट्टी काळी चार. ते मेलं काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये कुठेतरी गुणगुणतं. माझ्या षड्जाला चिकटून बसतं आणि सुरात काही येत नाही. खोली झाडून होते, पण संध्याकाळपर्यंत माझ्या कानातून ते जात नाही. काल दोन वेळा मी मुलींना चुकीचा स्वर दिला."

"मग त्याला तसं सांग."

"पोराने पहिल्या पगारातून आणलं. ते बेसूर आहे म्हणून सांगू?"

तिने सांगितले नाही. मुलाने माळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. मी खुलासा केला नाही. माझी ख्याती पाहता तो निष्कर्ष कोणालाही पटण्यासारखा होता, आणि तिच्या वाट्याचे बोलणे मी खाल्ल्याने माझे काही बिघडत नव्हते. पण ते भरसभेत माईकवरून ऐकवले जाईल आणि ही शेजारच्या खुर्चीवर शाल पांघरून नुसती हसत बसेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.

आता मेहुण्यांचा डबा. त्यांनी विलायतेच्या प्रवासातून बऱ्याच वर्षांपूर्वी एक वस्तू आणून बहिणीला भेट दिली होती: दांडा लावलेला एक चपटा लाकडी डबा, पोटात चाकांबरोबर फिरणारा गोल ब्रश. गालिच्यावरून ढकलले की ब्रश कचरा उचलून पोटातल्या खणात टाकतो. वीज नको, आवाज नाही. ही वस्तू त्यांनी आणली हे मी मान्य करतो. कोणीही विचारो वा न विचारो, ते दर दिवाळीला ते मान्य करून घेतात. परंतु ती आणल्यापासून आमच्या पलंगाखाली पडून होती आणि तिचा उपयोग आमची मांजर करत असे.

मी ती बाहेर काढून चालवली आणि पुन्हा तीच बॅटरी, तोच अंधार. ते यंत्र साहेबाच्या घरच्या पावाच्या चुऱ्यासाठी केलेले होते. आमचा मुरूम त्याच्या राठ ब्रशाने उचलला न जाता उधळला जात होता. आणि त्याहून वाईट म्हणजे रिकामे करण्याची तऱ्हा: कळ दाबली की तळ उघडतो, आणि दिवसभर गोळा केलेली धूळ एका ढगात तुमच्या नाकासमोर पडते. कारखान्यात एखाद्याने असे केले असते, तर त्याला फाटकाबाहेर काढले असते.

बिबवेवाडीत माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. मी डबा स्कूटरवर पायांपाशी ठेवून तिथे नेला. मेहुणे मागच्या सीटवर बसून आले. त्यांचे संशोधन म्हणजे ही मागची सीट. तिथे त्यांनी लस्सी मागवली आणि म्हणाले, "भाऊजी, याला एखादं झकास नाव द्या. नाव असलं की माल खपतो."

मी वर्कशॉपवाल्यांना समजावले: राठ ब्रश काढून मऊ केसांचा बसवायचा, तो सावकाश फिरावा म्हणून त्याची पुली मोठी करायची, आणि उघडणारा तळ कायमचा बंद करून त्याजागी बाजूने ओढून काढता येईल असा झाकणाचा खण करायचा. खण बंदच्या बंद बादलीत बुडवायचा आणि पाण्याखाली उघडायचा.

"म्हणजे साहेब, केर पाण्यात बुडवून मारायचा?"

"हो."

"आणि दर वेळी बादली भरायची? बायका ऐकतील?"

"तुमच्या बायकोला दम्याचा त्रास आहे का?"

"नाही."

"मग त्यांना विचारू नका."

खण तयार झाला, मऊ ब्रश बसला. खोकला उतरला, पण गेला नाही. कारण मुली उठून गेल्यावर लगेच गालिचा झाडायला हवा, आणि मुली उठायच्या नेमक्या दिवेलागणीला. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, काढलाच तर घराबाहेर टाकायचा नाही, लक्ष्मी जाते. हे हिच्या माहेरी फार कडक. मी वाद घातला. लक्ष्मी दम्याच्या पेशंटकडे पाहून गैरसमज करून घेणार नाही, असेही म्हणून पाहिले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण मी टाकणार नाही." शेवटी माझ्याच खणाने मार्ग काढला: केर काढायचा, पण तो बंद खणात सकाळपर्यंत घरातच राहील. लक्ष्मी खणात सुरक्षित. हिला ते पटले आणि रोज संध्याकाळी मुली गेल्या की ती स्वतः डबा फिरवू लागली. यात मी रूढीपुढे हार मानली असे मेहुणे सांगतात. हार नव्हे; बाहेरून बसवलेली अट पाळून यंत्र आखणे यालाच आखणी म्हणतात.

तरीही सकाळी ती खोकत असे, आणि का ते मला कळेना. बॅटरीच्या झोतात धूळ दिसे, पण ती नेमकी कुठून येते ते उमगेना. सगळी धूळ एकाच रंगाची. ऑक्टोबर गेला. डॉक्टरांनी पुन्हा तेच दोन पर्याय सांगितले. हिने एका संध्याकाळी मुलींना सांगून टाकले की दिवाळीनंतर क्लास चालेल की नाही ते सांगता येत नाही. हे तिने मला सांगितले नव्हते. दारात चपला घालणाऱ्या एका मुलीच्या तोंडून मी ते ऐकले.

मग लक्ष्मीपूजन आले. त्या दिवशी नव्या केरसुणीला हळदीकुंकू वाहतात. मी बाहेरून आलो तेव्हा पाटावर केरसुणीशेजारी माझा डबा उलटा ठेवलेला होता, पोट वर, आणि त्याच्या ब्रशावर, बेअरिंगवर, तेल घातलेल्या टोकांवर हळद, कुंकू आणि अक्षता.

"हे काय केलंस?"

"केरसुणीला वाहते, मग याला नको? वर्षभर तोच राबला."

"बेअरिंगमध्ये अक्षता गेल्या."

"चार दाणे तर आहेत."

मी त्या सणासुदीला काय बोललो ते लिहीत नाही. अक्षता चिमट्याने काढल्या. हळद मात्र ब्रशाच्या केसांत मुरली होती. दुसऱ्या दिवशी हिने मला न विचारता डबा गालिच्यावर फिरवला, आणि लाल गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी रेघ उठली. मी पुन्हा बोलायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. रेघ एकच होती. डब्याच्या दोन बाजू, दोन्हीकडे हळद, पण रेघ फक्त डाव्या चाकाच्या बाहेर. कुंकू लालात लाल मिसळले होते, हळदीने सांगितले. मी गालिच्यावर पालथा पडून पाहिले. ब्रशाच्या डाव्या टोकाशी आणि डब्याच्या भिंतीमध्ये झिजून फट झाली होती. ब्रशाने आत आणलेली बारीक धूळ त्या फटीतून बाहेर येत होती, आणि शेजारचे चाक ती पंख्यासारखी वर फेकत होते. इतके महिने माझे यंत्र उजवीकडून गोळा करत होते आणि डावीकडून वाटत होते.

त्याच आठवड्यात दोन्ही टोकांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड चकत्या बसवल्या. चकती कितपत बसली ते पाहायला पांढरी चादर अंथरून तीवर मुद्दाम हळद भुरभुरून डबा फिरवायचा, हे मी रोज करू लागलो. स्वयंपाकघरातली हळद संपली.

"आमटीला हळद नाही," ही म्हणाली. "तुमचं संशोधन कधी संपणार?"

"रेघ उठायची थांबली की."

थांबली. हिचा सकाळचा खोकला पंधरवड्यात उतरला. डॉक्टरांनी औषधही बदलले होते, आणि त्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण औषध त्याआधीही होते आणि खोकलाही होता. दिवाळीची सुटी संपल्यावर हिने पेटी काढली, षड्ज लावला, तो न तुटता लांब धरला, आणि मुलींना म्हणाली, "बसा."

तर सुधारणा कोणाची? मेहुणे म्हणतात त्यांची. त्यांनी पुढे एका व्यापारी मित्राला तो डबा दाखवला आणि त्या मित्राच्या सूचनेवरून काही नग बनवलेही. त्यात खण नव्हता, कारण 'बादली कोण भरणार', आणि ब्रश राठ होता, कारण तो 'जोरदार दिसतो'. ते नग विकले गेले नाहीत. आपल्या भाषणात त्यांनी हा भाग वगळला. ही म्हणते, "मी हळद वाहिली म्हणून दिसलं." यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. हळद तिची, पाहणे माझे. त्या गालिच्यावर पिवळी रेघ तिनेही पाहिली होती आणि ती ओल्या फडक्याने पुसायला निघाली होती.

समारंभानंतरच्या रविवारी चिरंजीव आमच्याकडे आला. येताना फर्निचर हलवणाऱ्या लोकांशी बोलून आला होता. पेटी आणि तंबोरा कसा बांधतील, कपाट कधी नेतील, सगळे त्याने ठरवले होते. गालिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा इथेच कुणाला तरी देऊन टाकू."

मी हिच्याकडे पाहिले. "आता तरी सांग त्याला."

"काय सांगू?"

"माळ्यावर कोणी ठेवायला लावलं ते."

मुलगा म्हणाला, "बाबा, ते जाऊ द्या हो. तो विनोद होता."

"विनोदावर घर हलवतोयस तू."

ही पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "अरे, मीच ठेवायला सांगितलं होतं. तुझ्या बाबांनी नाही. त्याचा आवाज माझ्या पट्टीत येत नव्हता."

"आई, पट्टीत? व्हॅक्यूम क्लीनर?"

"पट्टीत येत नव्हता आणि पट्टी सोडतही नव्हता. तुला वाईट वाटलं असतं."

"इतकी वर्षं?"

"तू पुन्हा विचारलंच नाहीस."

मला वाटले आता तो निदान एक शब्द तरी माझ्याकडे पाहून बोलेल. तो बोललाही: "बाबा, तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुझ्या आईचं गाऱ्हाणं होतं. मी का सांगू?"

"पण म्हणून तुमच्या डब्याने दमा कमी झाला हे सिद्ध होत नाही. औषधाने झाला असेल."

"मुली येऊन जाईपर्यंत थांब. पडदे लावतो, बॅटरी देतो, तूच बघ."

"एका खोलीत बॅटरी लावून काही सिद्ध होत नाही, बाबा. डेटा लागतो."

"माझा डेटा तुझ्यासमोर बसून काळी चारमध्ये गातो आहे."

"आणि बाराव्या मजल्यावर येऊन तीच काळी चार गाता येणार नाही का?"

"बाराव्या मजल्यावर मुली कोण आणणार? तुझी लिफ्ट?"

ही उठली. कपाटातून पेटी काढून गालिच्यावर ठेवली आणि दाराकडे पाहू लागली, कारण जिन्यात पावले वाजू लागली होती. "आम्ही कुठे जात नाही," ती मुलाला म्हणाली, अगदी साध्या स्वरात, दुधाचा हिशेब सांगावा तशी. "तू मात्र येत जा. आणि आता दोघंही आत किंवा बाहेर, कुठे तरी एकीकडे व्हा. मुली आल्या."

दारातून तीन-चार जणी आत आल्या. त्यांतली एक नवी होती. तिची आई दारात उभी राहून वेळ विचारत होती, आणि ही तिला पुढच्या वर्षीच्या परीक्षेपर्यंतचे सगळे समजावून सांगत होती. आम्हा बापलेकांना मध्ये उभे राहायला जागा नव्हती. आम्ही चपला घालून जिन्यात गेलो, दार ओढून घेतले, आणि आतला षड्ज लागेपर्यंत आवाज खाली ठेवून पुढचा मुद्दा सुरू केला. तो म्हणत होता की निदान नमदा तरी बदलायला हवा, तो आता झिजला असेल. मी म्हणालो, झिजला आहे हे कशावरून?